बावीस नंबरची तीन मिनिटं

शारजा विमानतळाच्या डिपार्चर हॉलमध्ये मी माझ्या मुलाच्या बास्केटबॉलमधली हवा काढली. काउंटरवरच्या मुलीने सांगितलं होतं की एवढी फुगलेली हँडबॅग वर जाणार नाही. ईशानने कंपासपेटीतून पंपाची सुई काढून माझ्या हातात दिली. आपल्याला हे करावं लागणार हे त्याला बहुतेक आधीच माहीत होतं. बॉल पोटाशी धरून मी दाबत राहिलो. बराच वेळ सूं आवाज येत राहिला. शेजारच्या ट्रॉलीवर बसलेलं एक कुटुंब आमच्याकडे बघत होतं. माझी बायको माधुरी पासपोर्ट पुन्हा पुन्हा उघडून बघत होती.

"तिकडे गेल्यावर भरू हं हवा," मी म्हटलं.

"व्हेन आर वी कमिंग होम, बाबा?" त्याने विचारलं.

"दोन महिन्यांत. इन्शाल्ला," मी म्हटलं, आणि 'इन्शाल्ला' म्हटल्याबरोबर माधुरीने माझ्याकडे पाहिलं. इथे तो शब्द कधी कधी 'नाही' म्हणायला वापरतात, हे तिलाही कळत होतं.

घर सोडून निघालेल्यांच्या आठवणी आपण सगळेच सांगतो. मीही सांगत असे. सत्तावीस वर्षांचा असताना मी नागपूर सोडलं. स्टेशनवर वडील, म्हणजे आमचे अण्णा, एवढंच म्हणाले होते, "पोहोचला की कळव. बाकी आम्ही पाहून घेऊ." ते वाक्य मी कितीतरी वर्षं पुरवून वापरलं. पण २००९ च्या त्या उन्हाळ्यात घर सोडून निघालेला माणूस मी नव्हतो. तो माझा मुलगा होता. अबुधाबीत जन्मलेला, नुकताच चौथी संपवलेला. मी ज्याला घर म्हणत होतो ते नागपूर त्याच्यासाठी दर दोन वर्षांनी तीन आठवडे जायची जागा होती. तिकडे डास होते आणि लाइट जायची. मी त्याला त्याच्या घरून काढून माझ्या घरी पाठवत होतो. आणि हे त्याच्या बाजूने कसं दिसतं, याचा विचार मी तेव्हा केला नाही.

आमचं बिऱ्हाड खलिफा सिटीत होतं, एका व्हिलाच्या मागच्या भागात. अंगणात आधीच्या भाडेकरूने सोडून गेलेली एक बास्केटबॉलची रिंग होती, जाळी नसलेली. ईशान शाळेतून आला की ऊन उतरेपर्यंत खिडकीत बसायचा आणि मग मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या, अजानपासून जेवणाची हाक येईपर्यंत ठप्प ठप्प आवाज यायचा. मी क्वांटिटी सर्व्हेयर. म्हणजे इमारतीला किती काँक्रीट, किती सळई, किती फरशी लागणार ते मोजायचं. मंदी आली आणि मोजायलाच काही उरलं नाही. साइटवर क्रेन उभ्या असत, हलत नसत. आधी घरभाड्याचा अलाउन्स गेला, मग पगार निम्म्यावर आला, मग मला शारजाच्या छोट्या ऑफिसात पाठवलं. मॅनेजर म्हणाला, "टेम्पररी आहे, हबीबी." शाळा संपताच आमच्या ओळखीतल्या एकेका घराने बायकामुलांना परत पाठवायला सुरुवात केली होती. आम्हीही त्या रांगेत उभे राहिलो. त्याच महिन्यात व्हिला सोडला. ईशानला फोनवर ते सांगितलं नाही. तो विचारायचा, "इज माय रूम ओके?" मी म्हणायचो, "ओके आहे."

मी शारजाच्या रोल्ला भागात बेडस्पेस घेतली, म्हणजे नुसती झोपायची जागा. एका खोलीत सहा जण. माझ्या खालच्या बंकवर फ्रान्सिस, वसईचा, हॉटेलात बँक्वेटला. तोही कुटुंब परत पाठवून आलेला, पण तोंडाने अखंड चालू. त्याची बायको रोज फोनवर रडायची आणि हा रोज तिला हसवायचा. मला ते जमायचं नाही. शुक्रवारी दुपारी, खोलीत बिर्याणीचा वास भरलेला असताना, मी फोनकार्ड खरवडून नागपूरला फोन लावायचो. माधुरीशी बोलणं व्हायचं, कारण गॅस, फी, अण्णांचं ब्लडप्रेशर असे विषय होते. मग ईशान यायचा.

"जेवलास?"

"येस, बाबा."

"शाळा कशी आहे?"

"फाइन."

"मराठीचा पेपर?"

"इट्स ओके."

कार्डावरची मिनिटं संपायची नाहीत, बोलणं संपायचं. एकदा फोन ठेवल्यावर फ्रान्सिस खालून म्हणाला, "अरे, पोराशी बोलतोस का त्याचा व्हिसा इंटरव्ह्यू घेतोस?" मी हसलो नाही. त्या आठवड्यात दोन महिने उलटून गेले होते.

मग एका शुक्रवारी ईशानने स्वतःहून काहीतरी मागितलं. "बाबा, कॅन यू गेट अ बॉक्स स्कोअर? ऑफ अ रिअली ओल्ड गेम. ओल्डर दॅन यू."

यामागे अण्णा होते. अण्णांची नोकरी टेलिफोन खात्यातली, पण त्यांना गावात ओळखत ते बास्केटबॉलचे स्कोअरर म्हणून. चाळीस वर्षं संध्याकाळी सिमेंटच्या कोर्टाशेजारी टेबल टाकून ते गुण आणि फाउल लिहीत बसले. खेळले कधीच नाहीत. नातू घरात येऊन पडला, बोलेना, तेव्हा त्यांनी त्याला विचारलं, तू पाहतो त्या अमेरिकेच्या सामन्यांत स्कोअरशीट कशी असते? ईशानने त्यांना टीव्हीवर एक सामना दाखवला. तीन गुणांचे लांबून मारलेले बास्केट बघून अण्णा कंटाळले. म्हणाले, आमच्या वेळचं काहीतरी आण, जिथे रिंगखाली जाऊनच गुण घ्यावे लागत. घरी तेव्हा इंटरनेट नव्हतं. म्हणून मला काम लागलं.

ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी शोधलं. साठच्या दशकातला अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचा एक सामना, दोन्ही संघांची आकडेवारी, एका पानावर. प्रत्येक खेळाडूपुढे मिनिटं, बास्केट, फ्री थ्रो, रिबाउंड, पास, फाउल आणि शेवटी गुण. मी प्रिंट काढून खिशात घातली. शुक्रवारी फोनवर नावं वाचायला लागलो तर अण्णांनी थांबवलं. फोन स्पीकरवर होता.

"नावं नको सांगू. नंबर सांग फक्त. नाव ऐकलं का माणूस आकडे पाहत नाही."

तर मी नंबर सांगत गेलो. तेरा नंबर, एवढी मिनिटं, एवढे बास्केट. तिकडे ईशान लिहीत होता आणि अण्णा मध्येच ओरडत होते.

"काहून बे, याला सहा फाउल कसे? पाचव्यालाच बाहेर जाते ना माणूस!"

"आजोबा, इन अमेरिका इट्स सिक्स."

"सहा? मंग हे खेळतात का मारामारी करतात?"

आणि ईशान हसला. विमानतळानंतर मी पहिल्यांदा त्याचं हसणं ऐकलं, तेही माझ्यासाठी नव्हतं. मला वाईट वाटायला हवं होतं का, ते अजून कळत नाही. मी नुसता पुढचा नंबर वाचला.

तेव्हापासून ते दर शुक्रवारी सुरू झालं. खेळ असा, की मी आकडे द्यायचे आणि त्या दोघांनी त्यातून सामना उभा करायचा. निकाल शेवटी सांगायचा. अण्णा नुसत्या आकड्यांवरून बोलायचे, "हा आठ नंबरवाला पाहा. पास सगळ्यांत जास्त, पण स्वतः बास्केट मारत नाही. भित्रा आहे नाहीतर नवं लग्न झालेला आहे." ईशान म्हणायचा, "नो आजोबा, ही इज द पॉइंट गार्ड." हळूहळू तो म्हणायला लागला, "नाही आजोबा, त्याचं कामच ते आहे."

इकडे खोलीत वेगळाच गोंधळ. दर शुक्रवारी एक माणूस बंकवर बसून नुसते आकडे सांगतो, तेरा, सहा, चार, सतरा. आमच्यातला पेशावरचा ड्रायव्हर बरेच दिवस मला टाळत होता. मग फ्रान्सिसनेच विचारलं, "खरं सांग रे. आकडा लावतोस ना? तिकडे बापाला खेळायला ठेवलंय. आम्हाला पण दे की एखादा." मी सांगितलं, साठच्या दशकातला बास्केटबॉलचा सामना आहे. तो माझ्याकडे बघत राहिला. "म्हणजे निकाल लागून गेलाय?" "हो." "मग मजा काय?" मी कागद घडी करून खिशात घातला. पण पुढच्या शुक्रवारी पेशावरवाल्याने माझ्यासाठी बिर्याणीत जास्तीचा तुकडा काढून ठेवला होता. बहुतेक माझी दया येऊन.

थकव्याबद्दल काही लिहायला हवं, कारण पुढचं त्यातूनच घडलं. थकवा कामाचा नव्हता, काम तर कमी झालं होतं. थकवा सतत बरं आहे म्हणण्याचा होता. ऑफिसात बरं आहे, फोनवर बरं आहे, माधुरीला बरं आहे. एका शुक्रवारी मी वाचत होतो आणि डोळे मिटत होते. दुसऱ्या संघातला शेवटचा माणूस राहिला. बावीस नंबर. तीन मिनिटं, एक बास्केट, बाकी सगळे शून्य. मी त्याला वाचलं नाही. याने काय फरक पडणार, असं वाटलं. "झालं. खलास," मी म्हटलं आणि फोन ठेवून झोपलो.

पुढचा आठवडा तिकडे काय झालं ते माधुरीने नंतर सांगितलं. बेरीज जुळत नव्हती. झोपेच्या भरात संघाचे एकूण गुण मी त्या दिवशी आधीच सांगून टाकले होते, आणि खेळाडूंचे मिळून दोन कमी येत होते. ईशान म्हणाला, बाबांनी चुकीचं वाचलं. अण्णांनी त्याला झापलं. "तुझा बाप बिलं काढते इमारतीची. एक सळई सोडत नाही थो. टेबलावरचा अमेरिकन झोपला असन." आणि त्या झोपलेल्या अमेरिकनावर ते चार दिवस चिडलेले होते. जेवताना, आंघोळीला जाताना. दोन गुण कुठे घातले त्या माणसाने.

शुक्रवारी फोन लावला तर पहिल्यांदा फोन ईशानने उचलला. एरवी माधुरी उचलायची.

"बाबा, देअर वॉज वन मोअर गाय. यू डिडन्ट रीड हिम."

मी बंकवर उठून बसलो.

"मी मिनिटं काढली," तो म्हणाला, मराठीत. "अठ्ठेचाळीस मिनिटांचा गेम, टाइम्स फाइव्ह, म्हणजे दोनशे चाळीस पाहिजे. तू सांगितलेली दोनशे सदतीस आहेत. पाच जण कोर्टवर असायलाच पाहिजेत ना, बाबा. चार जण खेळूच शकत नाहीत. सो समबडी वॉज स्टँडिंग देअर. थ्री मिनिट्स."

पॅन्ट दारामागे टांगलेली होती. मी उठून खिशातला कागद काढला. तो होताच, खाली, घडीवर.

"आहे," मी म्हटलं. "बावीस नंबर. एक बास्केट मारला त्याने. मला झोप आली होती, ईशान. मी सोडून दिलं."

"आय न्यू इट! आजोबा, तो होता!"

मागून अण्णांचा आवाज आला. रागावले असतील असं वाटलं, पण ते कामातल्या माणसासारखे बोलले. "आन त्याला सांग, यादी खालून वाचत जाय. मी नेहमी शेवटचं नाव पहिले लिहायचो. लिहिणारा थकते, अन् थकल्यावर जे पोट्टं राहून जाते ते नेहमी शेवटच्या बाकावरचंच असते. त्याची माय आलेली असते सामना पाहाले."

त्यानंतर मी प्रत्येक यादी खालून वाचली. अजून वाचतो. ऑफिसात बिलं तपासतानासुद्धा शेवटच्या पानापासून सुरू करतो, माझा असिस्टंट मला वेडा समजतो.

दोन महिन्यांची चार वर्षं झाली. शब्द दिला होता तो मोडला, आणि मोडला असं कधी कुणी तोंडावर म्हटलं नाही. त्यामुळे तो मोडत राहिला. मग क्रेन हलायला लागल्या, मला अबुधाबीत बरी नोकरी लागली. मोहम्मद बिन झायद सिटीत दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला. समोरच्या बागेत बास्केटबॉलचं कोर्ट आहे, जाळीसकट, हे बघूनच घेतला. मोबाइलमध्ये फोटो काढले आणि दोघांना आणायला नागपूरला गेलो.

स्टेशनवर घ्यायला ईशान आला होता. माझ्याहून उंच. रिक्षावाल्याशी त्याने नागपुरी बोलीत भाव ठरवला आणि मी मागच्या सीटवर पाहुण्यासारखा बसलो. त्या संध्याकाळी त्याचा सामना होता, त्याच जुन्या सिमेंटच्या कोर्टवर. स्कोअररच्या शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत अण्णा. आता त्यांना लिहायला देत नाहीत, पण उठवतही नाहीत. ईशान बराच वेळ बाकावर होता. शेवटी आत आला, धावला, एक पास दिला, एक फाउल केला. मी पायऱ्यांवर बसून बघत होतो आणि शेजारचा माणूस मला विचारत होता, "तुमचं कोणी आहे का आत?"

सामन्यानंतर मी त्याला फ्लॅटचे फोटो दाखवले. त्याने नीट पाहिले. कोर्टचा फोटो मोठा करून पाहिला.

"मस्त आहे."

"ही तुझी खोली."

तो टॉवेलने मान पुसत राहिला. मग म्हणाला, "बाबा, मी इथंच राहतो."

"काहून?" मी म्हटलं. किती वर्षांनी तो शब्द माझ्या तोंडात आला, आणि तो हसला.

"तू दोन महिने म्हणाला होता," तो म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. "मी दोन महिने बॉलमध्ये हवाच नाही भरली. म्हटलं, परत जाताना पुन्हा काढावी लागंन. तसाच ठेवला होता कपाटात. मग एक दिवस आजोबा न विचारता सायकलच्या दुकानात घेऊन गेले अन् भरून आणला." टॉवेल खांद्यावर टाकून म्हणाला, "तेव्हापासून इथंच आहे मी."

मी मोबाइल खिशात ठेवला. अण्णा टेबलापाशी कुणाशी तरी फाउलवरून वाद घालत होते. माधुरीला तोवर तिथल्या शाळेत नोकरी लागली होती, आणि अण्णांना एकटं टाकून ती निघणार नव्हती. मला वाटलं होतं की मी त्यांना घरी न्यायला आलोय. निघताना अण्णा दारात म्हणाले, "पोहोचला की कळव." पुढचं वाक्य ते म्हणाले नाहीत. त्यांनी खरंच पाहून घेतलं होतं.

तुमच्यापैकी जे मागे राहिले आणि जे माझ्यासारखे निघाले, त्यांना सांगायला माझ्याकडे काही मोठं नाही. दुसरी बेडरूम मी तशीच ठेवली आहे. सुट्टीत ते येतात तेव्हा उघडते. परत का जात नाही, असं फ्रान्सिस विचारतो. तो केव्हाच वसईला परत गेला, आता फोनवर मला चिडवतो. मी म्हणतो, एक वर्ष. मागच्या वर्षीही म्हटलं होतं. मला स्वतःचाच राग येतो, पण तोही आता थकलेला राग आहे.

फक्त शुक्रवार उरला आहे. आता आकडे ईशान सांगतो, मी ऐकतो. स्वतःच्या सामन्याचे. आपल्याकडच्या स्कोअरशीटमध्ये मिनिटं लिहीत नाहीत, पण अण्णा खुर्चीत बसून घड्याळावर मोजतात आणि घरी येऊन हाफप्रमाणे लिहून ठेवतात. नावं नाहीत, नुसते नंबर, खालून वर. परवाही तसंच. मी इथे बाल्कनीत, समोरच्या कोर्टवर कुणाची तरी मुलं खेळत होती. त्याने शेवटचा आकडा सांगितला. मी मनात बेरीज केली. आपला सामना चाळीस मिनिटांचा, पाच जणांचे दोनशे. एकशे एकोणनव्वद येत होते.

"अकरा मिनिटं कमी आहेत," मी म्हटलं. "एक जण राहिला."

"राहिला नाही. मुद्दाम ठेवला."

"कितवा नंबर?"

"नंबर नाही सांगणार. बाकीच्यांवरून काढ तू. तो काय करत होता ते सांग."

मागून अण्णा म्हणाले, "घाई करू देऊ नको त्याला."

मी वर्षानुवर्षं घर शोधत राहिलो ते पत्त्यांमध्ये, भाड्याच्या करारांमध्ये, खोल्यांच्या फोटोंमध्ये. ज्या अकरा मिनिटांत मी नव्हतो, ती ते दोघं माझ्यासाठी रिकामी ठेवून, फोन कानाला लावून थांबले होते. मी डोळे मिटले. आपल्या संघाच्या आठ नंबरने दुसऱ्या हाफमध्ये अचानक चार बास्केट मारले होते, म्हणजे कुणीतरी त्याला पास देत होतं. समोरच्या संघाच्या उंच सेंटरला फाउल जास्त लागले होते, म्हणजे कुणीतरी न घाबरता त्याच्या अंगावर जात होतं. सिमेंटचं कोर्ट, बाजूला टेबल, बाकावरून उठून धावत आत येणारा एक उंच मुलगा.

"दिसला का, बाबा?"

"थांब," मी म्हटलं. "दिसतोय."